हात लावून बघा : मनगट मोकळं आहे का?

मागच्या अंकात याच सदरात मी लिहिलं होतं, की ऐकू न येणाऱ्या माणसाला थरथरून हाक कळवणारा पट्टा घरीही जोडता येतो. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. काहींना पानभर उत्तर लागलं, काहींचं दोन ओळींत भागलं.

प्रश्न : माझ्या सुनेला जन्मापासून ऐकू येत नाही, लेकाला बी नाही. नातू सहा महिन्यांचा झाला. रात्री झोळीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक सून हाताला गुंडाळते. लेकरू हाललं की दोरी ओढली जाती अन् ती उठती. पण दिवसा ती चुलीपाशी असली अन् लेकरू रडायलं की मलाच पळावं लागतं, आणि माझे गुडघे गेलेत. मनगटात घालायचा पट्टा भेटंल का? — एक आजी, गंगाखेड

उत्तर : ताई, तुमच्या सुनेची दोरी मला फार आवडली. तिला सेल लागत नाही, लाइट गेली तरी ती चालते आणि सुटली तर हाताला लगेच कळतं. नवं यंत्र निदान एवढं करायला लागेपर्यंत रात्रीची दोरी सोडू नका.

आता दिवसाचं. पट्टा मिळेल, पण आधी सांगा, सूनबाईच्या हातात बांगड्या किती? हे पट्टे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं मोकळं मनगट असतं. आपल्याकडं लेकुरवाळीचे हात काचेच्या बांगड्यांनी भरलेले असतात. पट्टा त्यांच्यामागं सरकतो, ढिला पडतो आणि मोटर कातडीऐवजी बांगड्याच हलवत बसते. तांड्यावरच्या एखाद्या म्हातारीच्या हातात कोपराच्या वरपर्यंत चुडा असतो. तिथं पट्टा घालायचा कुठं? म्हणून मी मनगट सोडून दंड धरते. पूर्वी बायका वाकी घालायच्या तीच जागा, ब्लाउजच्या बाहीच्या जरा खाली. मोटर दंडाच्या बाहेरच्या बाजूला येऊ द्या. आतल्या बाजूला घाम साचतो आणि मे महिन्यात परभणीकडच्या उन्हात तिथं दोन दिवसांत पुरळ उठेल. पट्टा रुंद इलास्टिकचा, धुता येईल असा, एक बोट आत जाईल इतकाच घट्ट हवा.

दंड कुठला? पाजताना लेकराचं डोकं ज्या हाताच्या कोपरात येतं तो नको, नाहीतर निजत आलेलं लेकरू मोटरच्या थरथरीनं उठेल. बहुतेक बायका डाव्या हातावर घेतात, म्हणजे पट्टा उजव्या दंडावर. पण उजव्या हातानं ती भाकरी थापणार! हात हालत असला की त्याला बारीक स्पर्श कमी कळतो. हालचाल चालू असताना कातडीकडून आलेला पुष्कळसा निरोप मेंदू वाटेतच दाबून टाकतो. त्यामुळं एकदा थरथरून गप्प बसणारा पट्टा तिच्या कामाचा नाही. सेकंदभर थरथर, सेकंदभर थांबा, पुन्हा थरथर, असं रडणं थांबेपर्यंत चालू द्या. पट्टा बंद करायला बटण ठेवू नका. तिचे हात पिठाचे असतात. लेकरू उचललं, ते गप्प झालं की पट्टाही आपोआप गप्प व्हावा.

कॉलेजात शिकणारा कुणी पोरगा घरात असेल तर त्याला एवढं सांगा: झोळीजवळ माइक आणि ईएसपी३२चा (बिनतारी निरोप पाठवणारा छोटा संगणक-चिप) एक बोर्ड, दंडावर दुसरा. तान्ह्याच्या रडण्याचा मूळ सूर साधारण ४०० ते ६०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा असतो. पंख्याची घरघर त्याच्या खूप खाली राहते आणि कुकरची शिट्टी बरीच वर जाते. आवाज त्या ४०० ते ६००च्या टप्प्यात तीन-चार सेकंद टिकला तरच निरोप जाऊ द्यायचा.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. पट्टा शांत आहे म्हणजे लेकरू झोपलंय, की सेल उतरलाय? कातडीला दोन्ही सारखंच वाटतं. दोन बोर्डांचा संपर्क तुटला किंवा सेल कमी झाला, तर दंडावर लांबलचक, वेगळी थरथर आलीच पाहिजे. ही सोय नसलेला पट्टा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

आणि रात्री दंडावरच्या रुपयाएवढ्या मोटरवर विसंबू नका. गाढ झोपेतल्या माणसासाठी उशीखाली ठेवायची मोठी मोटर वेगळी मिळते. ती आणेपर्यंत दोरी आहेच.

प्रश्न : शेतातल्या मोटारीला मोबाइल ऑटो बसवलाय. रात्री थ्री फेज लाइट आली की फोन वाजतो आणि अख्खं घर उठतं. म्हणून थरथरणारं घड्याळ घेतलं. झोपेत बरोबर कळतं, पण दिवसा ट्रॅक्टरवर असलो की काहीच कळत नाही. घड्याळात फॉल्ट आहे का? — शेतकरी, जिंतूर तालुका

उत्तर : भाऊ, घड्याळ चांगलं आहे. ट्रॅक्टरच त्याला बोलू देत नाही.

तीन सिलेंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला ५० ठोके मारतं, आणि ते स्टिअरिंगमधून थेट तुमच्या मनगटात येतात. शिवाय मडगार्ड, बोनेट, ट्रॉलीची साखळी, सगळं आपापल्या परीनं खडखडत असतं. जलद थरथर ओळखणारे टिपक (स्पर्श टिपणारी नसांची टोकं) कातडीत खोलवर असतात, त्यांना पॅसिनियन म्हणतात. ते २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतात आणि घड्याळाची मोटर बोलते ती त्यांच्याशीच. तासभर सारखी थरथर सोसली की हे टिपक बधिरल्यासारखे होतात. ट्रॅक्टरवरून उतरल्यावरही काही वेळ हाताला मुंग्या राहतात, ते याचमुळं. तेवढ्यात घड्याळानं कितीही जोर लावला तरी उपयोग नाही.

थरथरीऐवजी हात आवळणारे पट्टे काही प्रयोगशाळांत केलेत. त्यात छोटी सर्वो मोटर पट्टा घट्ट करते आणि सोडते. दाब आणि थरथर वेगवेगळ्या टिपकांना कळत असल्यानं खडखडाटातही आवळणं जाणवू शकतं. पण खरं सांगू का, ट्रॅक्टरवर कातडीला विचारूच नका. मीटरच्या शेजारी एक लाल दिवा लावा, फोन आला की लुकलुकेल असा. रात्रीपुरतं घड्याळ ठेवा. घरच्यांची झोप वाचली, हेच त्याचं मोठं काम.

प्रश्न : मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला शिकायलोय. मूकबधिर-अंध व्यक्तींसाठी पाठीवर घालायचं जॅकेट करायचा प्रोजेक्ट घेतलाय. ४८ मोटरी, प्रत्येक अक्षराला एक. गाइड म्हणतात ३६ मध्ये बसव. तुमचं मत काय?

उत्तर : माझं मत, तू पाचावर ये.

अर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं कंपासची दोन टोकं माणसांच्या अंगावर टेकवून पाहिली, ती दोन वाटतात की एक. निष्कर्ष १८३४ साली छापले. तू हे आज हॉस्टेलवर करून बघ. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरची टोकं वेगळी कळतात. पाठीवर आणि हाताच्या पुढच्या भागावर (कोपर ते मनगट) तीच टोकं चार-एक सेंटिमीटर लांब न्यावी लागतात. ते सुद्धा फक्त ‘दोन आहेत’ एवढं कळायला. ‘ही सतरावी मोटर, म्हणजे थ’ असं ओळखणं फार पुढची गोष्ट झाली. तुझ्या ४८ मोटरी पाठीवर मावतील, पण पाठीला त्या मोजता येणार नाहीत.

अमेरिकेत फ्रँक गेल्डार्ड या मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली याचं जुनं पण शहाणं उत्तर मांडलं. छातीवर पाचच कंपक ठेवले. प्रत्येकाचे तीन जोर आणि तीन कालावधी, म्हणजे पाच गुणिले तीन गुणिले तीन, ४५ खुणा. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि नेहमीचे काही छोटे शब्द बसले. त्याचा सगळ्यात तरबेज विद्यार्थी मिनिटाला ३८ शब्दांपर्यंत पोचला. आपण गप्पा मारताना मिनिटाला शे-सव्वाशे शब्द सहज बोलतो, त्यामानानं हे हळूच. पण पाच मोटरींत एवढं होतं, हे तुझ्या गाइडांना दाखव.

दुसरा प्रयोग तुझ्या जास्त कामाचा आहे. २०१८च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठातल्या हाँग टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या पुढच्या भागावर २४ कंपक बांधले आणि अक्षरांऐवजी उच्चार पाठवले. इंग्रजीचे ३९ ध्वनी. शिकणाऱ्यांतल्या चांगल्यांना १०० मिनिटांच्या सरावात १०० शब्द ओळखता येऊ लागले. व्यंजनं एका जागी थांबून थरथरायची, स्वर हातावरून सरकत जायचे. ओठांशी होणारे ध्वनी मनगटाकडं, घशाकडचे कोपराकडं.

हे वाचल्यावर मला पहिलीतल्या बाराखडीचा तक्ता आठवला. अरे, आपली वर्णमाला मुळातच तोंडातल्या जागांनुसार लावलेली आहे! क-वर्ग कंठाचा, मग तालू, मूर्धा, दात, आणि शेवटी प-वर्ग ओठांचा. पाच वर्ग, पाच मोटरी, कोपरापासून मनगटापर्यंत. मोठ्या माणसाच्या हातावर त्या पाच-पाच सेंटिमीटरवर सहज बसतात. आता वर्गातली पाच अक्षरं कशी ओळखायची? क छोटा आणि गुळगुळीत. ख तोच, पण लांब, कारण तो महाप्राण. ग छोटा पण खरखरीत, म्हणजे थरथर पटापट तोडून दिलेली, कारण तो घोष, म्हणजे घसा थरथरवून म्हणायचा. घ लांब आणि खरखरीत. ङ किंवा म यांना नाकाची खूण म्हणून शेवटी एक टिचकी. विद्यार्थ्याला ४८ खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. पाच जागा आणि तीन सवयी लागल्या की पंचवीस अक्षरं आपोआप मिळतात. य र ल व आणि मंडळींसाठी तुला डोकं चालवावं लागेल, ते तुझं तू कर.

मात्रांसाठी सरकता स्पर्श घे. गेल्डार्ड आणि त्याचा सहकारी शेरिक यांनी १९७२ साली एक गंमत दाखवली. मनगटाजवळ चार-पाच टिचक्या भराभर दिल्या आणि त्यानंतरच्या कोपराजवळ दिल्या, तर माणसाला वाटतं काहीतरी मनगटाकडून कोपराकडं टुणटुण उड्या मारत गेलं. मधे मोटर नाही तरी मधेही टिचकी जाणवते. तेव्हा वेलांटी वर सरकव, उकार खाली, काना जागेवरच लांबव. पाच मोटरींत सगळं होतं.

आता सामान. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं जुन्या फोनमधल्या नाण्याच्या आकाराच्या मोटरी निघतात, आणि सुरुवातीला त्या चांगल्याच. पण त्यांच्यात एका बाजूला वजन असलेलं चाक फिरतं. वेग वाढला की जोरही वाढतो, दोन्ही वेगळे करता येत नाहीत. शिवाय वेग घ्यायला पन्नास-एक मिलिसेकंद जातात, त्यामुळं तुझ्या टिचक्या लोळागोळा होतील. दुसऱ्या जातीच्या मोटरीत, जिला एलआरए म्हणतात, वजन स्प्रिंगवर पुढं-मागं होतं. ती झोक्यासारखी आहे, तिला तिच्याच लयीत ढकललं तरच ती नीट हलते, साधारण १७५ ते २३५ हर्ट्झच्या मधे कुठंतरी, जिची तिची लय वेगळी. लवकर सुरू होते, लवकर थांबते. डीआरव्ही२६०५एल हा मोटर चालवणारा चिप ती लय स्वतःच शोधतो. परवडत असेल तर तेच घे. आणि मोटरच्या केसासारख्या तारा डागल्यावर त्यांच्या मुळाशी गरम गोंदाचा थेंब दे. अशा प्रोजेक्टमधली निम्मी भांडणं तुटलेल्या तारांची असतात.

चाचणी घेताना एक लबाडी टाळ. मोटर गुणगुणते आणि प्रत्येकीची गुणगुण थोडी वेगळी असते. तुझे मित्र कातडीनं ओळखतायत असं तुला वाटेल, ओळखत असतील कानानं. हेडफोनवर खरखर लावूनच चाचणी घे. शिकवलेले शब्द ओळखले म्हणजे भाषा आली असंही नाही. पूर्वी कधी न दिलेला शब्द पाठव आणि मग बघ.

शेवटचं, आणि हे पहिल्या आठवड्यात करायचं काम आहे. ज्यांच्यासाठी करतोयस त्यांतल्या एकाला तरी भेट. काही जण आधीपासून तळहातावर बोटांनी अक्षरं काढून बोलतात. युरोपात लॉर्म नावाची अशी पद्धत १८८१पासून आहे. तळहातावरची ठरलेली जागा म्हणजे ठरलेलं अक्षर. तुझ्या माणसाला तळहातच हवा असेल, तर जॅकेट शिवायलाच घेऊ नकोस.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे, शिक्षक आहे. ब्रेल वाचतो, पांढरी काठी वापरतो. दर सहा महिन्यांनी कुणीतरी थरथरणारा पट्टा, टोपी नाहीतर बूट घेऊन येतो, माझ्यावर तपासतो, फोटो काढतो आणि जातो. हे सगळं कशासाठी? — बीड

उत्तर : सर, तुमची चीड मी बाजूला सारणार नाही. तुमच्याकडं आहे ते साधन तगडं आहे. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर असतात आणि बोटाच्या टोकाला तेवढंच नेमकं वेगळं कळतं. त्यात बोट तुमचं, फिरवणारे तुम्ही. नको तेव्हा उचलता, शंका आली की मागं नेता. पट्टा मात्र त्याला वाटेल तेव्हा बोलतो आणि तुम्ही नुसतं सोसायचं.

हा फरक किती खोल आहे ते पॉल बाख-इ-रिटा या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिसलं. १९६९ साली त्यांनी दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीच्या पाठीला ४०० टोचे बसवले आणि कॅमेऱ्यातलं चित्र दृष्टिहीनांच्या पाठीवर उमटवलं. कॅमेरा दुसरं कुणी हलवत असताना पाठीवर निस्त्या गुदगुल्या व्हायच्या. कॅमेरा त्यांच्या स्वतःच्या हातात दिल्यावर मात्र वस्तू पाठीवर नाही, समोर आहे असं त्यांना वाटू लागलं. म्हणून तुमच्याकडं पुढचा पट्टेवाला आला की पहिला प्रश्न हाच विचारा: याचा कान मी पिळायचा, की यानं माझा?

एका जागी मात्र मला अशा यंत्राचा उपयोग दिसतो. काठी जमीन सांगते, छातीपुढचं सांगत नाही. उघडी खिडकी, बाभळीची फांदी, आणि तुमच्याकडं गळीत हंगामात ट्रॉलीच्या मागं हातभर लोंबणारा ऊस. आयआयटी दिल्लीत तयार झालेल्या स्मार्टकेनचं म्हणूनच मला पटतं. तुमच्याच काठीच्या मुठीवर ते बसतं, कानाला न कळणाऱ्या ध्वनिलहरी सोडून गुडघ्याच्या वरचा अडथळा तीन मीटरपर्यंत हेरतं आणि मूठ थरथरवतं. काठीला जे जमत नाही तेवढंच बोलतं. काठी तुम्ही फिरवाल तिकडंच त्याची नजर.

फोटोचं म्हणाल तर तपासणीचे पैसे मागायला लागा. सल्लागाराला पैसे देतात, तुम्ही सल्लागारच आहात.

प्रश्न : फोन टेबलावर असतो तरी मांडीपाशी थरथरल्यासारखं होतं. हा आजार आहे का? — जालना

उत्तर : नाही. पुष्कळांना होतं. खिशातल्या थरथरीची वाट बघायची सवय लागलेला मेंदू कपड्याच्या घासण्यालाच फोन समजतो. महिनाभर फोन दुसऱ्या खिशात ठेवून बघा.

प्रश्न : अशा पट्ट्यानं शरीराला अपाय होतो का? — उदगीर

उत्तर : रोज कित्येक तास दगड फोडायचं मशीन धरणाऱ्यांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात हे खरं, पण या मोटरींचा जोर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्रास होतो तो पट्ट्याच्या बकलातल्या निकेलनं, साचलेल्या घामानं, आणि स्वस्त चार्जरवर फुगलेल्या सेलनं. फुगलेला सेल अंगावर ठेवूच नका. पेसमेकर असेल तर असं काही छातीवर बांधण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडिलांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. तळपाय बधिर झालेत, चप्पल निसटली तरी कळत नाही. थरथरणारे सोल घातले तर उपयोग होईल का? — हिंगोली

उत्तर : ताई, सोलमधली थरथर त्यांना कळणारच नाही. शुगरमुळं पायाच्या नसा जातात तेव्हा थरथरीची जाण अगदी सुरुवातीलाच जाते. डॉक्टर १२८ हर्ट्झचा नादकाटा (ठोकला की थरथरणारा दोन टोकांचा चिमटा) वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतात, तो हेच बघायला. बोलायचं असेल तर जिवंत कातडीशी बोलावं लागेल. दाब मोजणारे सेन्सर सोलमध्ये आणि मोटर दंडावर. चप्पल निसटली किंवा एकाच जागी फार वेळ भार पडला की दंडावर थरथर. ही जोडणी अवघड नाही, वरच्या नांदेडच्या पोराला सांगितलं तर तो करेल. पण त्याआधी डॉक्टरांकडून नायलॉनच्या तंतूनं पायाची तपासणी करून घ्या, शेतात अनवाणी जाणं बंद करा, आणि रोज संध्याकाळी पाय धुतल्यावर तळव्याखाली आरसा धरून कुठं काटा, फोड, भेग आहे का ते तुम्ही स्वतः बघा. वडिलांच्या डोळ्यांवर सोपवू नका, शुगर तिथंही पोचलेली असू शकते.